शेतातला युरिया आणि समुद्रातले मासे



कपाशीला युरिया दिला आणि त्याच रात्री धो-धो पाऊस झाला, असे आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत घडते. सकाळी नाला गढूळ होऊन वाहतो आणि त्याबरोबर विकत घेतलेले नत्रही जाते. ते जाते कुठे? आपल्या उत्तरेकडचे नाले पैनगंगेला मिळतात. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता कालेश्वरमजवळ गोदावरीत शिरते. दक्षिणेकडचे पाणी कडेम नदीतून गोदावरीतच जाते. गोदावरी पुढे बंगालच्या उपसागराला मिळते.

पाण्यात नत्र व स्फुरद वाढले की शेवाळ पिकासारखे फोफावते. ते मेले की तळाशी बसून कुजते, आणि कुजवणारे सूक्ष्म जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. गावतळ्याचे पाणी हिरवेगार झाले की पहाटे मासे तोंड वर काढतात, ते यामुळेच. समुद्रात आणखी एक अडचण असते. नदीचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरते, आणि वरची हवा तळापर्यंत पोहोचत नाही. लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू उरला की मासे पळतात. जे पळू शकत नाहीत ते मरतात.

हे आधी कसे ओळखावे? त्यासाठी शास्त्रज्ञ गणिती प्रतिमान तयार करतात. नाव मोठे असले तरी तो प्राणवायूचा जमाखर्चच असतो. हवेतून व हिरव्या वनस्पतींकडून मिळाला तो जमा. कुजण्यात गेला तो खर्च. नदीसाठी असा हिशेब १९२५ साली अमेरिकेत स्ट्रीटर व फेल्प्स यांनी ओहायो नदीवर मांडला.

आपणही एक ढोबळ हिशेब करू. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २० किलो नत्र असते. त्यातले ५ किलो समुद्रात पोहोचले असे धरा. १ किलो नत्रावर वाढलेले शेवाळ पूर्ण कुजायला सुमारे २० किलो प्राणवायू लागतो. म्हणजे ५ किलोला १०० किलो. चांगल्या समुद्रपाण्यात लिटरमागे ६ मिलिग्रॅम प्राणवायू असेल, तर तो २ वर यायला ४ मिलिग्रॅम खर्ची पडतात. या हिशेबाने अडीच कोटी लिटर पाणी गुदमरते! प्रत्यक्षात काही नत्र वाटेतच हवेत जाते आणि वारा पाणी ढवळतो. म्हणून खऱ्या प्रतिमानात वारा, प्रवाह, तापमान हे सारे धरावे लागते.

अमेरिकेत मे महिन्यात मिसिसिपी नदीने किती नत्र आणले यावरून मेक्सिकोच्या आखाताचा अंदाज जूनमध्ये सांगतात आणि उन्हाळ्यात बोटीने जाऊन पडताळतात. तेथे १९८५ पासून मोजणी आहे. २०१७ साली हा पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला. वादळाने पाणी ढवळले तर अंदाज चुकतो. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्याचा अभ्यास केला. तेथे पावसाळ्यात खोल समुद्रातले कमी प्राणवायूचे पाणी निसर्गतःच वर येते. जमिनीवरून येणाऱ्या नत्राने ही टंचाई वाढली असावी, असे तेथील शास्त्रज्ञांनी २००० साली मांडले.

मग आपण काय करावे?

१. माती तपासूनच खत द्या. सोयाबीन मुळांवरील गाठींतून बरेच नत्र स्वतः मिळवते. त्याला युरियाचा मारा नको.

२. कपाशीला युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्या. मुळाजवळ टाकून मातीने झाका.

३. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा.

४. उताराला आडवी पेरणी करा. नाल्याकाठी गवताचा पट्टा राखा.

५. उकिरडा विहिरीजवळ नको.

शेवटची गोष्ट आरोग्याची. हेच नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जास्त झाल्यास तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही आणि अंग निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट थोडे दाट होते. म्हणून घरात तान्हे बाळ असेल तर विहिरीचे पाणी तपासून घ्या. शेतात राहिलेले खत पीक वाढवते. वाहून गेलेले आपला पैसा, आपली विहीर आणि दूरच्या कोळ्याचे जाळे, तिन्ही रिकामे करते.