तह झाला, आता खिसा सांभाळा!

अंतराळयुद्धाचा बोर्ड गेम म्हटला की डोळ्यांसमोर येतात प्लॅस्टिकची जहाजं आणि फासे. पण ‘ट्वायलाइट इम्पेरियम’च्या टेबलावर फाशांपेक्षा कुजबुज, आर्जवं आणि धमक्यांचाच आवाज जास्त! ख्रिश्चन पीटरसन यांचा हा खेळ १९९७चा. २०१७च्या चौथ्या आवृत्तीत १७ वंश आहेत, आणि सहाजण खेळायला बसले की दिवस गेलाच म्हणून समजा.

यातली सगळ्यात हुशार युक्ती व्यापारात आहे. तुमचा माल तुम्हाला स्वतःला खर्चता येत नाही. दुसऱ्याच्या हाती पडला तरच त्याचा पैसा होतो. तुमचे तीन नग मला, माझे तीन तुम्हाला, की दोघांचीही चांदी! कालपर्यंत ज्याच्या सीमेवर आरमार उभं केलं होतं, त्याच्याशी गोडीगुलाबीनं बोलायला एवढं कारण पुरतं. फक्त शेजारी मेंटॅक ही चाच्यांची टोळी नसावी. सौदा उरकल्यावर तुमच्यापाशी तीन किंवा जास्त नाणी दिसली की त्यातलं एक ते उचलतात, तेही नियमात राहून.

शब्दाचं काय? देवाणघेवाण जागच्या जागी होणारी असेल तर करार पाळावाच लागतो. ‘पुढच्या फेरीत तुझ्या वाटेला जाणार नाही’ हे मात्र तोंडचं आश्वासन. मोडलं तरी दंड नाही. त्यावर उतारा आहे ‘सपोर्ट फॉर द थ्रोन’ हा पत्ता. मी तो तुम्हाला दिला की तुम्हाला एक गुण. पण माझं सैन्य असलेल्या भागात तुम्ही चाल केलीत, की पत्ता माझ्याकडे परत आणि गुण गेला. दहा गुणांच्या डावात एक गुण म्हणजे थोडाथोडका नव्हे. म्हणून दोन शेजारी हे पत्ते एकमेकांना देऊन मोकळे होतात आणि बाकीचे नुसते चरफडतात.

आणि ‘डिप्लोमसी’ नावाच्या पत्त्यात वाटाघाटी औषधालाही नाहीत! आपल्या ताब्यातला एक भाग निवडायचा, बाकी सगळ्यांची एकेक सोंगटी तिथे ठेवायची. त्या फेरीत तिथे चाल करायची इतर कुणाचीच सोय उरत नाही. सरळ कुलूपच.

पटाच्या मधल्या मेकाटॉल रेक्स ग्रहावर पहिलं पाऊल टाकणाऱ्याला प्रभावाचे ६ गुण मोजावे लागतात, आणि मग दर फेरीला दोन ठरावांवर मतदान सुरू होतं. मतासाठी उघडउघड पैसे घ्यायला पूर्ण मुभा. नेक्रो व्हायरस या वंशाला मताधिकार नाही, पण तो निकालाचं भाकीत मोठ्यानं करतो. खरं ठरलं तर त्या बाजूनं मत देणाऱ्या एकाचं तंत्रज्ञान त्याला फुकट.

हेरगिरीत ज्यांचा हात कुणी धरणार नाही असा वंश म्हणजे यसारिल. कृतीचे पत्ते इतरांना सातच ठेवता येतात, यांना मर्यादाच नाही. करायला काही नसलं तरी एखादा पत्ता फेकून ते वेळ काढतात आणि समोरचा उघडा पडायची वाट बघतात. त्यांचा ‘स्पाय नेट’ पत्ता तर अफलातून. तो ज्याच्या हाती जातो, तो यसारिलचेच पत्ते बघून एक काढून घेतो. हेर स्वतःचीच गुपितं विकायला बसलेले!

फितुरीचा बादशहा मात्र १९७९चा ‘ड्यून’ हा खेळ. प्रत्येकाच्या हाती शत्रूचा एखादा सरदार आधीच फितलेला असतो. त्यातलं हार्कोनेन घराणं तर चार-चार बाळगतं. तो सरदार लढाईत उतरला की पत्ता दाखवायचा, लढाई खिशात. बेने गेसेरिट गटातल्या बायका त्याहून पोहोचलेल्या. कोण जिंकणार आणि कितव्या फेरीत, हे त्या सुरुवातीलाच गुपचूप लिहून ठेवतात. तसंच झालं तर विजेता बाजूला, विजय यांचा एकट्यांचा. मला विचाराल तर याच्यापुढे बाकी सगळी हेरगिरी पोरखेळ आहे.

पुन्हा तहाकडे वळायचं तर ‘कॉस्मिक एन्काउंटर’ या खेळात दोघांनीही तहाचा पत्ता टाकला तर बोलणी उरकायला फक्त एक मिनिट. नाही जमलं, तर दोघांची तीन-तीन जहाजं बाद.

फिनलंडच्या टोको ताहकोकालिओ यांच्या ‘इक्लिप्स’ या खेळात मैत्री म्हणजे एकमेकांकडे राजदूत पाठवणं. मित्रावर हल्ला केलात तर गद्दाराचा शिक्का आणि शेवटी उणे दोन गुण. पण शिक्का एकच आहे. नवा गद्दार निघाला की तो त्याच्याकडे जातो. त्यामुळे शिक्का असलेला गद्दार उरलेला डावभर इतरांची भांडणं लावत फिरतो.