धूळ, उंदीर आणि माणूस

श्वासातून आलेली अतिबारीक धूळ फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचते. तेथील भक्षक पेशी ती गिळून हळूहळू बाहेर काढतात. प्रयोगशाळेतील उंदरात निम्मी धूळ साधारण ६० ते ७० दिवसांत निघते. माणसात मात्र कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. शिवाय उंदरात ती बहुतांशी या पेशींतच साठते, तर माणसात व माकडात फुप्फुसाच्या ऊतींत अधिक शिरते. म्हणून उंदरांवरील आकडे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दगडातील सिलिकाची धूळ तर या पेशींनाच मारते. त्यातून जडणारा सिलिकोसिस बरा होत नाही. खडी फोडणाऱ्या आपल्या बांधवांना नुसता रुमाल पुरत नाही. दगडावर पाणी मारणे व योग्य मास्क मिळणे हा त्यांचा हक्कच आहे, असे आम्ही मानतो.