भिंग बसलं, पुढची तीस वर्षं?

१९८०च्या आसपास बोदवडच्या बाजारात मोतीबिंदू काढलेला माणूस चष्म्यावरून ओळखू यायचा. डोळ्यातलं धुरकटलेलं भिंग काढून टाकलेलं आणि त्याची सगळी भरपाई दहा नंबरच्या जाड काचांवर. वस्तू जवळजवळ पाव पट मोठी दिसे, कडेचं नीट दिसत नसे, पायरीवर पाऊल चुके. चष्मा फुटला की माणूस घरातच अडकला. त्यामुळे थोडंफार दिसत असेपर्यंत डॉक्टरही हात लावत नसत. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ असं सांगून परत पाठवत.

यावरचा उपाय मात्र तोवर तीस वर्षांचा झाला होता. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळे ते सोसून घेतात, हे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडले यांनी पाहिलं होतं. त्याच जातीच्या अॅक्रिलिकचं भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये एका बाईच्या डोळ्यात बसवलं. कल्पना बरोबर होती, पण भिंग जड आणि आधार अपुरा. काही भिंगं सरकली, काही डोळ्याच्या मागच्या भागात जाऊन पडली.

पुढची तीस वर्षं या भिंगाला जागा शोधण्यात गेली. १९५०च्या दशकात ते बुबुळाच्या पुढे ठेवून पाहिलं, तर समोरचं पारदर्शक पटल खराब होऊ लागलं. हॉलंडच्या बिंकहोर्स्ट यांनी १९५८मध्ये ते बुबुळालाच अडकवलं. पण बुबुळ उजेडाप्रमाणे सतत आकसतं-पसरतं, त्यावर बसलेलं भिंग स्थिर कसं राहणार? १९७७मध्ये अमेरिकेत स्टीव्हन शिअरिंग यांनी लवचिक पायांचं भिंग बुबुळामागे बसवलं. तिथून खरी जागा फार लांब नव्हती.

ती जागा निसर्गानेच करून ठेवली होती. आपलं मूळ भिंग एका पातळ पिशवीत असतं आणि ती पिशवी पाळण्यासारखी बारीक तंतूंवर चहूबाजूंनी टांगलेली असते. पिशवी राखून फक्त आतला मोतीबिंदू काढायचा आणि नवं भिंग तिच्यातच सोडायचं. १९८०च्या दशकात गिम्बेल आणि नॉयहान या डॉक्टरांनी पिशवीला पुढून गोल, अखंड तोंड पाडण्याची रीत आणली. मग भिंगाचे दोन्ही पाय आतच राहू लागले आणि भिंग मध्यावर टिकू लागलं.

आपल्याकडे हे भिंग परवडू लागलं ते मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२मध्ये ते स्वस्तात बनवायला घेतल्यावर. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प चालला. त्यात महाराष्ट्र होता. शाळेच्या खोलीत शिबिर भरवून होणारी ऑपरेशनं मागे पडली. गावात तपासणी आणि मोठ्या गावी थिएटरमध्ये ‘बिनटाक्याचं’ ऑपरेशन, हा शिरस्ता झाला. ‘पिकू द्या’ म्हणण्याची गरज उरली नाही.

म्हणून प्रश्न बदलला. सत्तरीत भिंग बसायचं तेव्हा ते दहा-पंधरा वर्षं टिकलं की पुरे होतं. आता पन्नाशीतही बसतं. त्याने तीस वर्षं जागेवर राहायला हवं. तिरका नंबर घालवणारं टोरिक भिंग तर एक अंश फिरलं तरी सुमारे तीन टक्के परिणाम गमावतं आणि तीस अंश फिरलं की फायदा शून्य. ते फिरायचं असेल तर बहुधा पहिल्या दिवसांतच फिरतं. पुढे पिशवी आकसून त्याला धरून ठेवते.

मात्र हेच आकसणं वर्षानुवर्षं तंतूंना ओढतही राहतं. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीतल्या १९८०पासूनच्या नोंदींवरून २०११मध्ये हिशेब निघाला: भिंग निखळण्याचा धोका दहा वर्षांत ०.१ टक्का, पंचवीस वर्षांत १.७ टक्के. धोका लहानच, पण काळाबरोबर वाढणारा. मोठा मायनस नंबर, भिंगावर कोंड्यासारखा थर धरणारा आजार आणि डोळ्याला मार ही त्याची ठळक कारणं. पऱ्हाट्या उपटताना उसळलेली काडी किंवा बैलाच्या शिंगाचा फटका बोदवडच्या शिवारात कुणाला नवा नाही.

निखळलेलं भिंग पुन्हा बसवता येतं. टाके घालून बसवलं तर धागा काही वर्षांनी तुटू शकतो, म्हणून चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७मध्ये पाय डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत चिकटवण्याची पद्धत काढली. पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोचायला हवा. अनेकदा अंधुक दिसू लागलं की ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणून लोक घरीच बसतात. खरं तर बहुतेक वेळा पिशवीचा मागचा पडदा गढूळ झालेला असतो आणि लेसरने काही मिनिटांत काम होतं. पण एका डोळ्याने दोन दिसू लागलं, भिंग हलल्यासारखं वाटलं किंवा नजर एकदम उतरली, तर थांबू नये.

शिबिराच्या अहवालात ऑपरेशनांचा आकडा असतो. दहा वर्षांनी त्यातली किती भिंगं जागेवर आहेत, हे तिथे लिहिलेलं सहसा आढळत नाही. भिंगाचा प्रकार, नंबर आणि तारीख असलेलं कार्ड रुग्णाने रेशनकार्डाइतकं जपावं आणि तपासणीच्या गाडीने नव्या रुग्णांबरोबर जुन्यांनाही वर्षातून एकदा बोलवावं. त्याला नवं यंत्र लागत नाही. जुनी यादी मात्र लागते.