उपवासाच्या केकातील मका

घटस्थापना झाली की घरोघरी फराळाच्या डब्यांची झाडलोट होते. राजगिरा, शिंगाडा, वरी, साबुदाणा, रताळी अशी सामग्री भरली जाते. नऊ दिवसांचे कडक उपवास करणारी माउली असो, की केवळ 'उठता-बसता' करणारी सूनबाई, धान्य पोटात जाऊ नये याविषयी दोघीही सारख्याच दक्ष असतात. तरीही अलीकडे ज्या घरांत उपवासाचा केक किंवा पटकन फुगणारा ढोकळा होतो, तेथे धान्याचा एक अंश नकळत शिरतो. तो शिरतो बेकिंग पावडरीच्या डब्यातून.

ही पावडर १८४३ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने तयार केली. त्याच्या पत्नीस अंडी व यीस्ट सोसत नसत. पथ्य सांभाळण्यासाठीच जन्मलेला हा पदार्थ आपल्या पथ्यात विघ्न आणतो, हा मौजेचा भाग आहे. तिची क्रिया अगदी साधी. खाण्याचा सोडा आणि कोरड्या रूपातील आम्ल एकत्र असतात; ओलावा लागताच त्यांचा संयोग होऊन कर्बवायू सुटतो आणि पीठ फुगते. परंतु हवेतील दमटपणामुळे ही क्रिया डब्यातच होऊन जाऊ नये, म्हणून त्यांत ओलावा शोषणारे पिठूळ मिसळतात. बाजारी पावडरींत ते बहुधा मक्याचे असते. डब्यावर नुसते 'स्टार्च' एवढेच लिहिलेले असले, तर ते कशाचे हे गृहिणीस कळण्यास मार्ग नाही.

येथे कोणी म्हणेल की, मका तरी आपला कोठला? तो अमेरिका खंडातून आला. जुन्या व्रतग्रंथांत त्याचे नाव असणे शक्यच नाही. हे खरे आहे. पण बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, फार काय राजगिरासुद्धा त्याच खंडातून आलेला! आपल्या फराळाचे अर्धे ताट समुद्रापलीकडचे आहे. तेव्हा आपल्या लोकाचाराने पदार्थाचा देश पाहिलेला नाही, जात पाहिली आहे. कंद चालला, धान्य चालले नाही. मका कणसातले धान्य, म्हणून तो वर्ज्य. (वरीही वस्तुतः तृणधान्यच, तिला आपल्याकडे मुभा कशी मिळाली, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही.)

चिमूटभर पिठुळाने व्रत मोडते काय? धर्मशास्त्रकारांनी पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही असे सांगून बरीच उदारता दाखविली आहे. नकळत घडलेल्याचा विषाद मानू नये, असेच आमचे मत आहे. परंतु नातवाचा वाढदिवस नवरात्रात आला, सर्वांनी केक खाल्ला आणि आजी मात्र 'मला शंका आहे हो' म्हणून बशी बाजूला सारून बसल्या, तर त्या शंकेला 'जुने खूळ' म्हणणे आम्हांस मान्य नाही. शंका दूर करणे पाच मिनिटांचे काम आहे.

सपाट दोन चहाचे चमचे क्रीम ऑफ टार्टर, एक चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा आरारूट किंवा तवकीर घ्यावी. ही दोन्ही कंदांची सत्त्वे, म्हणून उपवासास निर्वेध. तवकीर घेताना मात्र वेष्टन नीट वाचावे. मिश्रण असेल तर सारा खटाटोप व्यर्थ. तिन्ही जिन्नस तीन वेळा बारीक चाळणीने चाळून अगदी कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत. जुनी पूड अजून चांगली आहे की नाही, हे पाहण्यास चमचाभर पूड गरम पाण्यात टाकावी; भराभर फसफसली तर तिच्यात जोर आहे.

आता दुसरी शंका. क्रीम ऑफ टार्टर हे द्राक्षांतील आम्लाचे लवण. द्राक्षरसाचे मद्य होताना ते पिंपाच्या आतून साचते. तेच खरवडून, शुद्ध करून स्फटिकरूपाने विकतात. त्यात मद्याचा अंश उरत नाही. तरीही ज्या घरी मन घेत नाही, तेथे आग्रह कशाला? चार चमचे सोडा, तीन चमचे लिंबूसत्त्व आणि पाच चमचे तवकीर असे मिश्रण करावे. हे पहिल्यापेक्षा जहाल, म्हणून एका चमच्याऐवजी पाऊण चमचा घ्यावे. लिंबूसत्त्व दमट हवेत पाणी धरते, यास्तव थोडेच करून लवकर संपवावे.

पण नावावर जाऊ नये. बाजारातील लिंबूसत्त्व आता लिंबापासून होत नाही. उसाची मळी किंवा मक्यापासून काढलेली साखर यांवर विशिष्ट बुरशी वाढवून ते मिळवितात. ज्यांचा नेम अतिशय कडक, त्यांनी बाटलीच्या भानगडीत न पडता आयत्या वेळी पाव चमचा सोडा व एक मोठा चमचा ताज्या लिंबाचा रस वापरावा. किंवा वाटीभर आंबट दह्यास अर्धा चमचा सोडा. आम्हांस स्वतःला दह्याची रीत अधिक पसंत आहे.

केकासाठी राजगिरा व शिंगाडा यांचे पीठ एकेक वाटी, पिठीसाखर एक वाटी, पातळ केलेले तूप अर्धी वाटी, उकडून कुस्करलेले एक रताळे आणि सपाट दोन चमचे पहिली पूड घ्यावी. रताळे विसरू नये. या पिठांत गव्हाचा चिकटपणा नसल्याने केक भुगा होतो, तो रताळ्याने सावरतो. दुधाने सरबरीत भिजवून, तूप लावलेल्या भांड्यात ओतून लगेच भट्टीत ठेवावे. घरची पूड ओलावा लागताच कामाला लागते. मिश्रण ताटकळत ठेवल्यास वायू निघून जातो. १८० अंश सेल्सिअसवर सुमारे पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात. मैद्याच्या केकाइतका तो हलका होणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

रक्तदाब असलेल्यांनी सोडा बेतानेच घ्यावा, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी क्रीम ऑफ टार्टर वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते. बाटलीवर 'उपवासाची' असे लिहून तारीख घालावी, आणि ती फराळाच्या डब्यांजवळ, धान्याच्या फळीपासून दूर ठेवावी.