अर्थ न लावणारी चिप

अंगठ्यापेक्षा थोडी मोठी ही डबी मुळात टीव्ही बघण्यासाठी विकली गेली. लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत खोचायची, सोबतचा छोटा अँटेना लावायचा आणि युरोपातलं डिजिटल प्रक्षेपण बघायचं. आत मुख्य चिप दोनच. एक ट्यूनर, हवी ती लहर निवडणारा. दुसरी रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू, त्या लहरीतून चित्र-आवाजाचा डिजिटल प्रवाह उलगडणारी. किंमत तेव्हा साधारण वीस डॉलर होती.

२०१२च्या सुमारास अँटी पालोसारी या फिनलंडच्या प्रोग्रामरच्या लक्षात एक गोष्ट आली. टीव्हीच्या वेळी ही चिप लहरीचा अर्थ स्वतः लावते, पण एफएम रेडिओची वेळ आली की अर्थ लावायचं सोडून देते. लहर मोजून आलेले कच्चे आकडे ती संगणकाकडे ओतत राहते. मग ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या मंडळींनी ते आकडे हवे तेव्हा मिळवण्याचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि सगळ्यांना मोफत दिलं. त्याच डबीत एकही टाका न बदलता साधारण २४ ते १७०० मेगाहर्ट्झमधलं जग उघडलं!

माझ्या गच्चीवर अशी एक डबी आहे. अँटेना म्हणजे सात सेंटिमीटरची तांब्याची तार. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची, ठिकाण सतत सांगत असतात. त्यांची लहर साडेसत्तावीस सेंटिमीटरची आणि तार तिच्या पाव. असा एक संदेश ११२ बिटांचा, प्रत्येक बिटाला एक मायक्रोसेकंद. त्या मायक्रोसेकंदाच्या पहिल्या अर्ध्यात स्पंद आला तर १, दुसऱ्या अर्ध्यात आला तर ०. डबीकडून सेकंदाला २० लाख नमुने, म्हणजे लहरीची मोजमापं, घेतले, तर एका बिटाच्या वाट्याला येतात फक्त दोन. पहिला मोठा की दुसरा? प्रोग्रामने एवढंच बघायचं, आणि ढगांआडचं विमान उंचीसकट पडद्यावर उमटतं. हे करणारा डम्प१०९० हा प्रोग्राम साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी लिहिला. रेडिस हा नावाजलेला डेटाबेसही त्यांचाच. पहिल्यांदा ते आकडे सरकताना पाहिले तेव्हा मी मान वर करून रिकाम्या दिसणाऱ्या आभाळाकडे कितीतरी वेळ बघत राहिलो होतो.

आता तीच डबी आकाशवाणीच्या एफएमवर लावा. प्रत्येक नमुना म्हणजे दोन आकड्यांची जोडी आणि त्या जोडीतून निघतो एक कोन. तो कोन किती वेगाने फिरतो, तेच गाणं. जुन्या रेडिओत ज्यासाठी कॉइल आणि कपॅसिटर जुळवत बसावं लागे, ते इथे चार ओळींच्या गणितात होतं.

म्हणून सगळं मोल सॉफ्टवेअरचं, असं म्हणायला मात्र मी तयार नाही. डबीचा प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधलाच. शेजारी जोरकस स्टेशन असलं की या २५६ पायऱ्या तेच खाऊन टाकतं आणि क्षीण लहर पहिल्या पायरीखाली बुडते. जे मोजलंच गेलं नाही, ते कुठलाही प्रोग्राम परत आणू शकत नाही. मला या चिपचं खरं कौतुक आहे ते तिने उघड्या ठेवलेल्या वाटेचं. तिने कच्चे आकडे आतच अडवले असते तर आज ती टीव्हीची जुनी डबी म्हणून खणात पडली असती.

पण जे खरखरीत का होईना मोजलं गेलंय, ते मात्र परत मिळवता येतं. तारेऐवजी कर्ण्याच्या आकाराचा अँटेना, त्याच्या तोंडाशीच कमी खरखरीचा अॅम्प्लिफायर, आणि ट्यूनर १४२० मेगाहर्ट्झवर. ही हायड्रोजनची लहर. १९५१मध्ये हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी ती पहिल्यांदा पकडली, तीही कर्ण्यानेच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्याही ती ऐकतात. हौशी माणसाच्या डबीत ती खरखरीत पार हरवलेली असते. प्रोग्राम कोट्यवधी नमुन्यांची सरासरी काढत जातो, खरखर हळूहळू सपाट होते आणि काही मिनिटांनी आलेखावर एक बुटका उंचवटा वर येतो. तो १४२०च्या किंचित अलीकडे-पलीकडे सरकलेला असतो, कारण आकाशगंगेच्या भुजांतले ते ढग कुणी आपल्याकडे येतायत, कुणी दूर चाललेत.