कोळ्यावरचा आळ

पावसाळ्यात सकाळी आरशात पाहावं, तर मानेवर लाल चट्टा, त्यावर बारीक फोड आणि चटका बसल्यासारखी आग. घरातलं वडीलधारं माणूस लांबूनच निदान करून मोकळं होतं, "कोळी मुतला." मग कुणी चुना शोधतं, कुणी हळद कालवतं आणि छताच्या कोपऱ्यातला कोळी केरसुणीखाली जातो. या प्रकरणाशी त्याचा काडीचाही संबंध नसतो.

कोळ्याला आपल्यासारखी पातळ लघवी होतच नाही. पाणी जपून वापरणारं शरीर ते. नको असलेलं नत्र ते मुख्यतः ग्वानीन नावाच्या पदार्थाच्या रूपात बाहेर टाकतं. जाळ्याखालच्या भिंतीवर, फरशीवर जे पांढरट ठिपके वाळलेले दिसतात, ते हेच. त्याने कातडी भाजत नाही.

भाजते ती पेडेरस नावाच्या किड्यामुळे. लांबी जेमतेम सात ते दहा मिलिमीटर. पहिल्या नजरेत मोठी मुंगीच वाटते. अंग नारिंगी, डोकं आणि शेपटीचं टोक काळं, मधोमध निळसर झाक असलेलं आखूड कवच. ओलसर जमिनीत, भातखाचरांच्या आसपास तो राहतो आणि रात्री ट्यूबलाइटकडे धाव घेतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर काहीतरी वळवळतंय म्हणून आपण झोपेत हात फिरवतो, किडा चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं. हे रसायन किडा स्वतः बनवत नाही, त्याच्या शरीरात राहणारे जीवाणू बनवतात. फोड यायला साधारण एक दिवस लागतो. तोवर किड्याचा मागमूसही उरलेला नसतो, आणि कोळी मात्र कोपऱ्यात बसलेला दिसतो. हात जसा फिरला तसा पट्टा उमटतो. कोपराच्या घडीत लागलं, तर घडीच्या दोन्ही बाजूंना जोडीने चट्टे येतात. त्यामुळे असा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवावा. चिरडलाच, तर जागा साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लागू देऊ नये.

कोळ्याच्या नावावर खपणारं दुसरं दुखणं म्हणजे नागीण, आणि ते जास्त काळजीचं. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दबून राहतो आणि कधीतरी उसळतो. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यात, ठणकणारे फोड येतात. तिच्यावर विषाणुरोधक औषधं आहेत, पण पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर त्यांचा खरा उपयोग. नेमके तेच तीन दिवस आपण हळद-चुन्यात घालवतो.

मग कोळी विषारी नाहीच का? आहे. जगात नोंदल्या गेलेल्या कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जातींपैकी जवळजवळ सगळ्यांकडे विष असतं. युलोबोरिड कुळातल्या कोळ्यांना विषग्रंथीच नसतात, ते भक्ष्याला धाग्यात करकचून गुंडाळतात. पण बाकीच्यांचं विष माशी-झुरळाच्या मापाचं असतं, आणि बहुतेकांचे सुळे आपली कातडी भेदतील असे नसतात. अपवाद आहेतच. आपल्या जंगलांत झाडांच्या ढोलीत राहणारे पीसिलोथेरिया प्रजातीतले केसाळ कोळी चावले तर चांगलंच दुखतं, स्नायूंत पेटकेही येतात. त्यांना हातात घेऊन फोटो काढायची हौस नको. मात्र कोळी रक्त पीत नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला चावून त्याला मिळणार काय? सकाळी पायावर ओळीने गांधी उठल्या असतील तर गादीच्या शिवणीत ढेकूण शोधा.

घरात ज्याला पाहून सर्वांत मोठी किंकाळी फुटते, तो तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी जाळं विणतच नाही. त्याचं नाव हेटेरोपोडा. रात्री मोरीत, ओट्यामागे फिरून तो झुरळं मारतो. मादीने पोटाखाली पांढरी गोल चकती धरलेली दिसते, ती विषाची पिशवी नव्हे. तिच्यात अंडी असतात. पिल्लं बाहेर येईपर्यंत मादी ती चकती घेऊनच हिंडते.

कोळी तोंडातून धागा काढतो, हाही एक पक्का समज. धागा निघतो पोटाच्या मागच्या टोकाशी असलेल्या तनित्रांतून. आत तो द्रवरूप प्रथिन असतो, ओढला जाताना घट्ट होतो. मुंडकोपनिषदात धागा बाहेर सोडणाऱ्या आणि परत आत घेणाऱ्या कोळ्याचा दाखला आहे. परत घेणं अगदी खरं आहे, फक्त ते तोंडावाटे होतं. चक्राकार जाळी विणणारे अनेक कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्याच प्रथिनातून नवं विणतात. तोंडातून चिकट, विषमिश्रित पिचकारी मारून भक्ष्याला जागीच चिकटवणारा सायटोडस हा एक विक्षिप्त प्राणी सोडला, तर तोंडाकडे धाग्याचं खातं नाही. आणि कोळी कीटक नाही, हे पाय मोजले की कळतं. आठ पाय, शरीराचे दोनच भाग. तो विंचवाचा, गोचिडीचा भाऊबंद.

मादी नराला खाते, ही गोष्ट मात्र लोकांना फारच आवडते. काही जातींत ते घडतं, सरसकट नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात पायवाटेवर आडवं सोनेरी झाक असलेलं प्रचंड जाळं लागतं, ते नेफिला नावाच्या कोळ्याच्या मादीचं. तिच्यापुढे नर इतका किरकोळ असतो की तो तिच्याच जाळ्याच्या कडेला बिनदिक्कत राहतो.

कोळी एकलकोंडा असतो, हेही सगळ्यांना लागू नाही. कोरडवाहू भागात बाभळी-बोरीच्या काटेरी फांद्यांवर मळकट धाग्यांची गाठोडी दिसतात. त्यांत स्टेगोडायफस सारासिनोरम जातीचे कोळी मोठ्या संख्येने एकत्र राहतात. जाळ्यात टोळ अडकला की थरथर जाणवून एकाच वेळी अनेक जण बाहेर येतात आणि मिळून त्याला आत ओढतात. पिल्लांना आई आधी स्वतःच्या पोटातलं पातळ अन्न ओकून भरवते. ते संपलं की पिल्लं तिलाच खातात, आणि ती पळून जायचा प्रयत्नही करत नाही.