औष्णिक स्थिरतेची परीक्षा : रसायने आणि प्रथिने यांच्या संदर्भात

प्रस्तावना

एखादा पदार्थ 'किती अंशांपर्यंत टिकतो' हा प्रश्न प्रयोगशाळेत, कारखान्यात आणि औषधांच्या भांडारात नित्य विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात मिळावे अशी स्वाभाविक अपेक्षा असते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तसेच अमुक रसायन अमुक तापमानास विघटित होते, अमुक प्रथिन अमुक तापमानास नासते, असे आपण गृहीत धरतो. परंतु विघटन आणि उकळणे या दोन घटना एकाच जातीच्या नाहीत. विशिष्ट दाबाखाली उत्कलनबिंदू निश्चित असतो. विघटन ही मात्र अभिक्रिया असून तिला वेग असतो. हा वेग तापमानानुसार कमीअधिक होतो, पण एखाद्या रेषेपाशी येऊन तो अकस्मात शून्य होत नाही. म्हणून औष्णिक स्थिरतेचा कोणताही आकडा तापमान, काळ आणि परिस्थिती या तिन्हींच्या संदर्भाविना अपुरा ठरतो. प्रस्तुत लेखात स्थिरता तपासण्याच्या प्रमुख पद्धतींचा परिचय करून देऊन हा मुद्दा दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

रसायनांच्या परीक्षणाच्या पद्धती

पदार्थ तापवत असताना त्याच्यात होणारे बदल मोजण्याच्या शास्त्राला औष्णिक विश्लेषण म्हणतात. ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये मातीच्या नमुन्यांवर केलेले प्रयोग या शास्त्राचा आरंभ मानले जातात. १९१५ मध्ये जपानच्या कोतारो होंडा यांनी तापत्या पदार्थाचे वजन सतत मोजणारा औष्णिक तराजू तयार केला. १९६० च्या दशकात डिफरेन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री, म्हणजेच डीएससी, हे तंत्र विकसित झाले.

औष्णिक तराजूची उपयुक्तता कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटच्या उदाहरणाने चटकन लक्षात येते. हा पदार्थ तापवत नेल्यास त्याचे वजन तीन पायऱ्यांनी घटते. प्रथम स्फटिकजल निघून जाते व मूळ वजनाच्या १२.३ टक्के घट होते. नंतर कार्बन मोनॉक्साइड निघून १९.२ टक्के आणि अखेरीस कार्बन डायऑक्साइड निघून ३०.१ टक्के घट होते. शेवटी उरतो तो चुना. ही प्रमाणे रेणुभारावरून काढलेल्या प्रमाणांशी इतकी जुळतात, की तराजू तपासण्यासाठी हाच पदार्थ वापरण्याचा प्रघात आहे. तथापि, या पायऱ्या ज्या तापमानांना दिसतात ती तापमाने तापवण्याचा वेग, नमुन्याचे वजन आणि भोवतालचा वायू यांनुसार सरकतात. वजनातील घट पदार्थाच्या घटनेवर ठरते. ती दिसण्याचे तापमान मात्र प्रयोगाच्या रीतीवरही अवलंबून असते.

डीएससीमध्ये काही मिलिग्रॅम नमुना आणि एक रिकामी कुपी एकाच वेगाने, बहुधा मिनिटाला १० अंश, तापवतात आणि दोहोंकडे जाणाऱ्या उष्णतेतील फरक नोंदवतात. पदार्थ वितळताना उष्णता शोषली जाते, तर उष्मादायी विघटनात ती बाहेर पडते. आलेखावर उष्मादायी शिखर जेथे सुरू झालेले दिसते, त्या तापमानाला 'आरंभ तापमान' म्हणतात. धोक्याच्या मूल्यमापनात या आकड्याला फार महत्त्व दिले जाते. गैरसमजाचे मूळही तेथेच आहे.

सेवेसोचा धडा

इटलीत मिलानच्या उत्तरेस सेवेसो गावालगत असलेल्या मेदा येथील कारखान्यात ट्रायक्लोरोफेनॉल तयार केले जात असे. १० जुलै १९७६ रोजी, शनिवारी सकाळी, आठवडाअखेरच्या सुट्टीसाठी काम अर्धवट थांबवण्यात आले. अभिक्रियापात्रातील मिश्रणाचे अखेरचे नोंदलेले तापमान सुमारे १५८ अंश होते. त्या काळच्या माहितीनुसार धोकादायक उष्मादायी विघटन २३० अंशांच्या आसपास सुरू होत असे. मधले अंतर सत्तर अंशांहून अधिक असल्याने मिश्रण तसेच सोडणे निर्धोक वाटणे साहजिक होते.

परंतु सुमारे साडेसहा तासांनी, दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी, पात्राची सुरक्षा-चकती फुटली आणि डायॉक्सिन या अतिविषारी द्रव्याने युक्त असा ढग परिसरावर पसरला. सातशेहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, अनेक मुलांना क्लोरॅक्ने हा त्वचाविकार झाला आणि हजारो जनावरे दगावली किंवा मारावी लागली. पुढील संशोधनात असे आढळले, की या मिश्रणात सुमारे १८० अंशांपासूनच मंद गतीने उष्णता निर्माण होऊ लागते. तापवणाऱ्या वाफेचे तापमान नेहमीपेक्षा बरेच वाढलेले असल्याने पात्राची भिंत तप्त झाली होती. ढवळणे बंद झाल्यावर भिंतीच्या वरच्या भागातील उष्णतेने मिश्रणाचा पृष्ठस्तर त्या तापमानास पोचला असावा, असे स्पष्टीकरण दिले जाते.

मग आधीच्या परीक्षणात ही मंद अभिक्रिया का निसटावी? याचे उत्तर साध्या गणितात मिळते. सामान्य डीएससीला किलोग्रॅममागे सुमारे १० वॅटपेक्षा कमी उष्णतानिर्मिती सहसा स्पष्ट दिसत नाही. नमुना लहान असल्याने एवढी उष्णता तत्काळ बाहेर निघून जाते. मात्र कित्येक टनांच्या न ढवळलेल्या मिश्रणात तिला बाहेर पडायला वाट नसते. द्रवाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅममागे २ किलोज्यूल धरल्यास १० वॅट म्हणजे तासाला १८ अंशांची वाढ होय! तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता वाढते, आणि हे चक्र स्वतःलाच गती देत जाते. उपकरणाला जे दिसत नाही, ते मोठ्या पात्रात अपघात घडवू शकते.

त्यामुळे आता आरंभ तापमानावर विसंबण्याऐवजी उष्णता बाहेर जाऊ न देता दीर्घकाळ निरीक्षण करणारी उपकरणे वापरली जातात आणि निराळा प्रश्न विचारला जातो : शीतन बंद पडल्यास कोणत्या तापमानापासून अभिक्रिया अनावर होण्यास २४ तास लागतील? उत्तर पुन्हा तापमानातच मिळते, पण त्यात काळाचा समावेश झालेला असतो. सेवेसोच्या दुर्घटनेनंतर १९८२ मध्ये युरोपात मोठ्या औद्योगिक अपघातांविषयीचा निर्देश त्याच गावाच्या नावाने रूढ झाला.

प्रथिनांचे परीक्षण

प्रथिनांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रथिनाचे कार्य त्याच्या रेणूच्या विशिष्ट घडीवर अवलंबून असते, आणि ही घडी टिकवणारी निव्वळ ऊर्जा मोलमागे साधारणतः २० ते ६० किलोज्यूल, म्हणजे मोजक्या हायड्रोजन बंधांइतकीच असते. अंडे उकडताना पांढरा बलक घट्ट होतो, तेव्हा रासायनिक बंध फारसे तुटत नाहीत. घड्या उलगडतात आणि उलगडलेले रेणू एकमेकांत गुंततात. त्याच बलकातील ओव्होट्रान्सफेरिन सुमारे ६० अंशांच्या पुढे उलगडते, तर ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांच्या आसपास तग धरते.

निम्मे रेणू उलगडलेले असतात त्या तापमानाला प्रथिनाचे 'विलय तापमान' म्हणतात. अतिसंवेदनशील डीएससीने ते थेट मोजता येते. दुसऱ्या एका पद्धतीत प्रथिनाच्या द्रावणात विशिष्ट रंगद्रव्य मिसळतात. रेणू उलगडून त्याचा जलविरोधी अंतर्भाग उघडा पडला, की रंगद्रव्य तेथे चिकटून चमकू लागते. औषधाचा रेणू प्रथिनाला जोडला गेल्यास विलय तापमान सहसा वाढते. म्हणून नव्या औषधांच्या शोधातही ही पद्धत उपयोगी पडते. मोजणी झाल्यावर नमुना थंड करून पुन्हा तापवण्याची दक्षता घ्यावी लागते. दुसऱ्यांदा शिखर दिसले नाही, तर उलगडणे अपरिवर्तनीय आहे आणि मिळालेला आकडा तापवण्याच्या वेगावरही अवलंबून आहे, असे समजावे.

दुधाच्या पाश्चरीकरणात काळ व तापमान यांचे हे नाते फार पूर्वीपासून मान्य झालेले आहे. ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, हे दोन्ही मार्ग स्वीकारार्ह आहेत. प्रक्रिया पुरेशी झाली की नाही, हे दुधातील अल्कलाइन फॉस्फटेज या विकराच्या नाशावरून ठरवतात. कारण क्षयाच्या जंतूंच्या नाशाला लागते त्याहून किंचित अधिक उष्णता या विकराच्या नाशाला लागते.

औषधाची कुपी आणि काळ

रासायनिक औषधांची मुदत ठरवताना ती ४० अंश तापमान व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवून वेगवर्धित परीक्षण करतात. दहा अंशांनी तापमान वाढल्यास अभिक्रियेचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो, हा त्यामागील आधार. प्रथिनांबाबत हा हिशेब फसू शकतो. कारण अधिक तापमानास उलगडणे, तर कमी तापमानास संथ रासायनिक झीज किंवा गुठळ्या होणे, अशा भिन्न प्रक्रिया प्रबळ असतात. म्हणूनच जैविक औषधांची मुदत प्रत्यक्ष साठवणीच्या तापमानास, प्रत्यक्ष काळात मिळालेल्या निष्कर्षांवरून ठरवली जाते.

याचे महत्त्व आपल्या ग्रामीण भागात विशेष जाणवते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावरील प्रतिविष, जे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही तयार होत आले आहे, हे घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून, म्हणजे प्रथिनांपासून बनते. द्रवरूप प्रतिविष २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. गोठवून शुष्क केलेले चूर्णरूप प्रतिविष मात्र शीतपेटीविना, थंड व अंधाऱ्या जागी ठेवता येते. पाणी काढून घेतल्याने रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते व झीज मंदावते. पेटीची वीज गेलेल्या आरोग्य केंद्रात रात्री सर्पदंशाचा रुग्ण येतो, तेव्हा या फरकावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो.

पोलिओच्या तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशीच्या कुपीवर १९९६ पासून लावला जाणारा निर्देशक हे याच तत्त्वाचे बोलके रूप होय. वर्तुळातील फिकट चौकोन उष्णतेने हळूहळू गडद होतो आणि वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद ठरते. तो कोणत्याही क्षणीचे तापमान दाखवत नाही. कुपीने आजवर सोसलेल्या उष्णतेची बेरीज दाखवतो. मात्र लस गोठून बिघडली असेल, तर ते त्याला कळत नाही.

समारोप

औष्णिक स्थिरतेचे परीक्षण म्हणजे पदार्थाची मर्यादा शोधणे नव्हे, तर त्याच्या बिघाडाचा वेग जाणणे होय. आरंभ तापमान किंवा विलय तापमान हे तुलनेसाठी उपयुक्त आकडे आहेत. त्यांना सुरक्षिततेची हमी मानणे धोक्याचे आहे. अशा आकड्यासोबत नमुना किती होता, तो कोणत्या वेगाने तापवला, किती काळ पाहिला आणि प्रत्यक्षात तो किती मोठ्या प्रमाणात व किती दिवस ठेवला जाणार आहे, ही माहिती नोंदवली जावी. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीपासून कारखान्यातील नोंदवहीपर्यंत ही शिस्त रुजणे आवश्यक आहे.